आज रोख, उद्या उधार : सातारा-सांगलीच्या वाणसामानाचा इतिहास

किराणा दुकानात गल्ल्याच्या वर एक पाटी असे : ‘आज रोख, उद्या उधार’. पाटी वाचायची आणि तिच्याचखाली उभे राहून उधारीवर सामान घ्यायचे, ही सातारा-सांगली भागातली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दुकानदार लाल कापडी बांधणीची वही उघडी, नाव न विचारता नेमके पान काढी आणि आकडा मांडी. साखर कारखान्यांवर, दूध संघांवर, पतपेढ्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. ही वही मात्र दुकानाच्या फळीवरच राहिली. गेल्या साठ वर्षांत या भागाने वाणसामान विकण्याचे अनेक प्रकार पाहिले. त्यांतले काही गेले, काही टिकले. कोणते का गेले, याचा शोध घेताना मी भावांचे फलक आणि दुकानांची सजावट बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारत आलो आहे : उधारी कोण देत होते, आणि कोणाच्या भरवशावर?

दोन शहरे, दोन कमाया

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख जुन्या सातारा जिल्ह्यातला. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे जिल्हे भावाभावांचे. पण दोन्ही शहरांच्या घरात पैसा येण्याची वेळ निराळी, आणि वाण्याची वही त्या वेळेवर चाले.

शाहू महाराजांनी वसवलेल्या साताऱ्याच्या पेठांना वारांची नावे आहेत, पण तिथला बाजार चालत आला तो महिन्याच्या तारखेवर. कचेऱ्या, शाळा, रयत शिक्षण संस्थेचा मोठा पसारा, पेन्शनर आणि माजी सैनिक. अपशिंग्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात ते उगीच नाही. फौजेत घरटी माणूस असलेल्या गावांना आणखी एक दुकान उघडे होते, ते म्हणजे मिलिटरी कॅन्टीन. तिथे कार्डावर स्वस्तात साबण, चहा, प्रेशर कुकर मिळे, पण रोखीने. बाकीचे सामान गल्लीतल्या वाण्याकडून, पगार किंवा मनिऑर्डर येईपर्यंतच्या बोलीवर.

सांगलीचे तसे नाही. सांगली हळदीचे, गुळाचे, बेदाण्याचे गाव. शेजारच्या हरिपूरला जमिनीत पेवे खणून हळद भरून ठेवत आणि भावाची वाट पाहत. २००५च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले आणि ती पद्धत जवळजवळ संपली. शेतकऱ्याच्या हातात पैसा येई तो अडत्याकडे पट्टी झाल्यावर, किंवा कारखान्याकडून उसाचे बिल निघाल्यावर. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात हप्ते आणि त्यांची वाट हीच रीत झाली. म्हणून गणपती पेठेतली उधारी महिन्याची नसे, हंगामाची असे. आटपाडी, जत, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांत तर तिला मुदतच नसे. पाऊस झाला तर देऊ, एवढाच करार.

आमच्या घरी आई यादी करून द्यायची आणि सोबत छोटी वही. दुकानदार दोन्ही वह्यांत एकच आकडा लिही. घरच्या वहीतली बेरीज आई रात्री पुन्हा करून पाही. फसवणुकीचा संशय हे त्याचे कारण नव्हते. किती देणे झाले आहे ते कळल्याशिवाय तिला पुढच्या आठवड्याची डाळ ठरवता येत नसे.

गिरणगावातली खानावळ, गावातली वही

साताऱ्याच्या वाण्याच्या वहीचे एक टोक मुंबईत होते. पाटण, जावळी, कोरेगावची माणसे गिरण्यांत आणि गोद्यांत कामाला. त्यांची कुटुंबे गावी. ती स्वतः गाळ्यात राहत आणि खानावळीत जेवत. खानावळ म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत एखाद्या बाईने वीस-पंचवीस माणसांना रांधून घालणे. जेवणाचे पैसे पगाराला. तोवर ती बाई वाण्याकडून पीठ-तेल उधार आणी आणि त्यावर जबर व्याज भरी. अशा बायकांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. मुंबईतल्या उपाहारगृहांच्या इतिहासात इराण्यांची आठवण हटकून निघते. ज्यांच्या हातचे जेवून गिरण्या चालल्या, त्या खानावळींची आठवण तेवढी निघत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. खानावळीची उधारी थकली, गावी जाणारी मनिऑर्डर थांबली, आणि परळच्या संपाचा आकडा साताऱ्याच्या खेड्यातल्या वहीत चढू लागला. संपाच्या इतिहासात युनियन, मालक आणि सरकार असे तीन पक्ष मांडले जातात. चौथा पक्ष गावातला वाणी होता. त्याने सामान देणे बंद केले असते तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच अनेक घरांच्या चुली थंडावल्या असत्या. त्याने ते उपकार म्हणून केले नाही. जुने बुडू नये म्हणून नवे देत राहणे त्यालाही भाग होते. उधारीने दोन्ही बाजू बांधल्या जातात, तिचे बळ आणि तिचा फास दोन्ही त्यातच.

सभासदांचे दुकान

वाण्याला पर्याय म्हणून सहकारी ग्राहक भांडार आले. १९६२च्या चीन युद्धानंतर भाव चढू लागले तेव्हा केंद्र सरकारने शहरांतून ग्राहक संस्था उभ्या करण्याची योजना आणली. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि दिल्लीत ‘सुपर बाजार’ उघडला. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली निघालेल्या संस्थेचा ‘अपना बाजार’ही घरोघरी पोचला. आमच्या भागात या विचाराला कारखान्याची जोड मिळाली. तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरातून निघालेला ‘वारणा बझार’ कोल्हापूरची हद्द ओलांडून सांगली जिल्ह्यातही पसरला. खेड्यातल्या बाईने स्वतःच्या हाताने फळीवरचा माल उचलून पाहावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. छापील भाव, पक्के वजन, पावती आणि वर्षाअखेरीला सभासदाला लाभांश : वाण्याच्या वहीत यांतले काहीच नव्हते.

मग गावोगावची भांडारे ओस का पडली? संचालकांचे राजकारण, मालाची खरेदी चढ्या भावाने, नोकरांची भरती, ही कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. पण मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. भांडार मुख्यतः रोखीचे. पगारदाराला त्यात अडचण नव्हती. कारखान्याच्या कामगाराला तर पगारातून कपात करून सामान मिळे. पण ज्याची कमाई हंगामाची, किंवा ज्याची मजुरी आज आहे आणि उद्या नाही, तो सभासद असूनही महिन्याच्या वीस तारखेनंतर वाण्याकडेच वळे. आणि जिथे भांडारांनी उधारी दिली तिथे ती वसूल करण्याची धमक त्यांच्यात नव्हती. वाणी ऋणकोच्या दारात जाऊन बसे. मतदार असलेल्या सभासदाच्या दारात संचालक कसा बसणार?

सरकारनेही स्वतःची साखळी काढून पाहिली. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. बसस्थानकांजवळ, कचेऱ्यांसमोर टपऱ्या उभ्या राहिल्या. काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली; अनेक ठिकाणी टपरी राहिली, भाकर गेली. २०२० साली आलेल्या शिवभोजन थाळीने तीच कल्पना दहा रुपयांत पुन्हा मांडली. अनुदानावर चाललेले ताट अनुदान असेतोवरच चालते.

उधारीवरचे दुकान आणि रोखीचे दुकान

२००१ साली किशोर बियाणी यांच्या ‘बिग बझार’ने देशात पाय ठेवला आणि पुढे तो सांगलीतही आला. मुद्दाम गर्दी वाटावी अशी मांडणी, हात घालून पाहता येतील असे धान्याचे ढीग. बाजाराच्या दिवसाची ऊब वातानुकूलित दालनात आणण्याची ती कल्पना होती. इस्लामपूर, तासगावहून कुटुंबेच्या कुटुंबे नुसती पाहायला येत. पण दालन भाड्याचे आणि विस्तार कर्जाचा. करोनाच्या टाळेबंदीत विक्री थांबली. २०२० साली रिलायन्सशी ठरलेला २४,७१३ कोटींचा व्यवहार अ‍ॅमेझॉनशी झालेल्या वादात अडकला. फेब्रुवारी २०२२मध्ये भाडी थकलेली दालने रिलायन्सने ताब्यात घेतली आणि पाटी बदलली. ज्याने गिऱ्हाइकाला एक पैसा उधार दिला नाही, ते दुकान स्वतःच्या उधारीने बुडाले.

त्याच्या शेजारी ‘डी-मार्ट’ ठेवून पाहावा. २००२ साली पवईत पहिले दुकान. शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची, पुरवठादाराला लवकर पैसे आणि त्याबदल्यात भावात सूट, सजावट जेमतेम. साताऱ्याच्या पगारदाराला, पेन्शनराला हे दुकान मानवते, कारण त्याचा पैसा आधी येतो आणि खर्च नंतर होतो. महिन्याचा किराणा एका फेरीत घेऊन तो खरोखर बचत करतो. पण ही स्वस्ताई ज्याच्या खिशात एक तारखेला रोकड आहे त्याची आहे. पावशेर तेल आणि दहा रुपयांची साखर घेणाऱ्याला तिथे काही नाही. गरिबाला वस्तू महाग पडते ती नेहमी अशीच : थोडी थोडी, रोजची, आणि उधारीची.

वही भिजते तेव्हा

ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ पाण्याखाली गेली. दुकानांतला माल तर गेलाच. बऱ्याच वह्याही लगद्यात गेल्या. त्या पावसाळ्यानंतर मी गणपती पेठेत काही दुकानदारांशी बोललो. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात गव्हाच्या पोत्यांना जागा होती, येण्याच्या रकमेला नव्हती. एका वयस्कर दुकानदाराने सांगितले की निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकांनी आपणहून येऊन आकडा सांगितला आणि नव्या वहीत लिहून घ्यायला लावला. उरलेल्यांबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘त्यांचीपण घरं बुडालीच होती की.’’

या प्रसंगाचे गोडवे गाण्याचा मोह मी टाळतो. जो वाणी पुरात आकडा सोडून देई, त्याचाच आजा दुष्काळात जमिनीचा तुकडा लिहून घेई. सहकाराची माणसे या वहीविरुद्ध उभी राहिली ती उगाच नाही. पण भांडार गेल्यावर आणि मॉल आल्यावर ती जागा कोणी घेतली, हे पाहिले पाहिजे. आज ती मायक्रोफायनान्सच्या आठवडी हप्त्याने आणि मोबाइलवरच्या झटपट कर्जाने घेतली आहे. त्यांनाही पान काढता येते. फक्त पानावरच्या माणसाच्या घरात यंदा काय झाले ते त्यांना ठाऊक नसते.

लक्ष्मीपूजनाला पेठेत अजून वह्यांची पूजा होते. १९८९पासून आयकराचे वर्ष सर्वांनाच मार्चअखेरचे झाले, तेव्हा दिवाळीच्या वहीला हिशेबाचे कारण उरले नाही. पुष्कळ दुकानांत आता संगणकाच्या कळफलकालाच कुंकू लावतात. तरी काही ठिकाणी पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहून खाली जुन्या येण्याची बेरीज पुढे ओढली जाते. सातारा-सांगलीत कोण कोणाच्या भरवशावर जगले, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याने ती पुढे ओढलेली बेरीज वाचावी.