पोर्ट्समथची कोठारे आणि सुतारांच्या ढलप्या

इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत १७६३, १७७६ आणि १७८२ या सालांची तीन लांबलचक विटांची कोठारे ओळीने उभी आहेत. आज तेथे आरमाराचे संग्रहालय आहे. लोक नेल्सनची ‘व्हिक्टरी’ पाहून धन्य होतात; होवोत बापडे. आम्हांला त्या भिंतींपाशी गोदीतले सुतार आठवतात.

कोठारातील मालावर सरकारी बाणाची खूण असे. दोरातसुद्धा चोरी ओळखू यावी म्हणून खुणेचा एक धागा वळलेला असे. पण तासलेल्या लाकडाच्या ढलप्या घरी नेणे हा सुतारांचा जुना हक्क. ढलपी म्हणजे तीन फुटांच्या आतला तुकडा, असा दंडक होता. मग चांगली फळीही नेमकी तेवढीच कापली जाई! १७५३ साली हुकूम निघाला, मोळी न बांधता एका काखेत मावेल तेवढेच न्यावे. अधिकारी याला चोरी म्हणत. पण सुताराचा मूळ रोज जवळजवळ सबंध शतकभर दोन शिलिंग एक पेनीच होता, आणि तोही कित्येक महिने थकलेला.

मग ती चोरी की मजुरी? निवाडा सरकारनेच केला. १८०१ साली ढलप्या बंद झाल्या, पण त्यांच्या बदली रोख भत्ता द्यावा लागला.