एबीजी तपासणीची कुळकथा

रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखण्याचे काम मुख्यतः फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे करतात. एकीकडे बिघाड झाला की दुसरीकडून भरपाई सुरू होते. मधुमेहात रक्तात आम्ल साठले, तर श्वास खोल होतो आणि जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये या श्वासाचे वर्णन केले. ही भरपाई मिनिटांत सुरू होते. याउलट श्वास अपुरा पडून कार्बन डायऑक्साइड साठला, तर मूत्रपिंडे लघवीवाटे आम्ल टाकतात आणि बायकार्बोनेट राखून ठेवतात. त्याला काही दिवस लागतात.

या चढ्या बायकार्बोनेटनेच १९५२ मध्ये कोपनहेगनचे डॉक्टर चकले. पोलिओच्या साथीत ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येत होते. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ पैकी २७ दगावले. प्रयोगशाळेत तेव्हा रक्तातील एकूण कार्बन डायऑक्साइड मोजत, आणि त्यात बायकार्बोनेटचाच वाटा मोठा असे. आकडा चढा आला, म्हणून रक्त अल्कधर्मी झाले असे मानले गेले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना मात्र त्यात गुदमरणे दिसले. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली गेली आणि इब्सेन यांनी रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. प्रयोगशाळाप्रमुख पॉल अस्ट्रुप यांनी रुग्णांच्या रक्ताचा सामूच मोजला, तेव्हा ते आम्लधर्मी असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतर शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले.

साथीनंतर अस्ट्रुप यांनी सुटसुटीत पद्धत बसवली. नमुन्याचा सामू आधी आहे तसा मोजायचा. मग कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण माहीत असलेली दोन वायुमिश्रणे त्यात मिसळू देऊन पुन्हा दोनदा मोजायचा. आलेखावर ते दोन बिंदू सरळ रेषेने जोडले की मूळ सामूसमोरचा कार्बन डायऑक्साइडचा दाब वाचता येई. जॉन सेव्हरिंगहॉस यांच्या इलेक्ट्रोडने १९५८ च्या सुमारास तो दाब थेट मोजता येऊ लागला.

आज एबीजीसाठी, म्हणजे धमनीतील रक्तवायूंच्या तपासणीसाठी, मनगटाच्या धमनीतून हेपरिन लावलेल्या सिरिंजमध्ये रक्त घेतात आणि हवेचा बुडबुडा लगेच काढून टाकतात, कारण तो राहिला तर आकडे बदलतात. सामू ७.३२, कार्बन डायऑक्साइड ६० आणि बायकार्बोनेट ३० आले, तर मूळ दोष श्वासाचा आणि बायकार्बोनेटची वाढ मूत्रपिंडांची भरपाई, असे वाचतात. भरपाई सहसा पूर्ण होत नाही. त्यामुळे सामू ज्या बाजूला झुकलेला असतो, मूळ बिघाडही त्याच बाजूचा असतो.