आमचे जुने सोपारे आणि आमच्या सहली

आपण नालासोपाऱ्याला राहतो असे सांगितले की समोरच्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. "एवढ्या लांब?" हा पहिला प्रश्न आणि "गाडीत शिरायला तरी मिळते का?" हा दुसरा. मुलीच्या स्थळाची बोलणी चालू असली तर मनात आणखी एक प्रश्न असतो. तो कोणी तोंडाने विचारीत नाही, पण आपल्याला तो कळतो. परक्यांचे एक सोडा, आपण तरी काय करतो? मुलांना सुट्टी लागली की "इथे पाहण्यासारखे काय आहे?" असे म्हणून डबे बांधून भायखळ्याची राणीची बाग गाठतो. येताना गर्दीत मुलांचे हात धरून धरून आपले खांदे उतरतात. आपल्या दारातली जागा मात्र तशीच राहते.

म्हणून आपल्या मंडळाने जवळच्या जवळ सहली काढायला सुरुवात केली. त्या निमित्ताने जे पाहिले, ऐकले आणि वाचनालयातून आणून वाचले, ते या स्मरणिकेत लिहावे असे ठरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भगिनींनी यात विद्वत्ता शोधू नये. गोष्ट तेवढी ध्यानात घ्यावी.

नाळे आणि सोपारे ही दोन जुनी गावे. त्यांची नावे जोडून स्टेशनचे नाव झाले. त्यांतले सोपारे म्हणजे पोथ्यापुराणांतले शूर्पारक. महाभारतात हे नाव आहे, बौद्ध ग्रंथांत आहे. कोकणपट्टीला पूर्वी अपरान्त म्हणत आणि सोपारे हे त्या अपरान्ताचे मोठे बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची माहिती लिहून ठेवली. तिच्यात आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांत सोपाऱ्याचे नाव येते आणि कल्याणचेही येते. मुंबईची सात बेटे तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नव्हती. आज आपण मुंबईचे उपनगर म्हणवतो. त्या काळी मात्र गलबते आपल्याकडे लागत होती.

आपल्या मुलखाला नाव ठेवण्याची चालही आजची नाही, ही मला मोठी गंमत वाटली. बौद्ध ग्रंथांत पूर्णाची कथा आहे. पूर्ण हा शूर्पारकातल्या एका श्रीमंत व्यापाऱ्याचा दासीपुत्र. भावांनी त्याला वाटा दिला नाही, पण तो स्वतःच्या हुशारीने मोठा व्यापारी झाला आणि पुढे भगवान बुद्धांचा शिष्य झाला. त्याने श्रोणापरान्तात जाऊन राहायची परवानगी मागितली. अभ्यासक तो मुलूख आपल्याच बाजूचा मानतात. बुद्ध म्हणाले, "तिकडची माणसे फार तापट आहेत. तुला शिव्या देतील." पूर्ण म्हणाला, "हाताने मारीत नाहीत, एवढी चांगली आहेत असे मी समजेन." "हाताने मारले तर?" "काठीने मारीत नाहीत, एवढी चांगली आहेत असे समजेन." असे करीत करीत गोष्ट जीव घेण्यापर्यंत आली, तरी पूर्णाचे उत्तर बदलले नाही. तेव्हा बुद्धांनी त्याला जाऊ दिले. पूर्ण आला, त्या तापट माणसांत राहिला आणि त्याने त्यांना आपलेसे केले. ही कथा मुलांना सांगितली तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे विरार गाडीतलीच माणसे!" सगळ्या हसल्या. पण चिडक्या गर्दीत राहूनही माणसाने आपली जीभ सांभाळावी, हा धडा आपल्या गावाच्या कथेतलाच आहे.

आता मुख्य गोष्ट सांगते. सन 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी हे थोर संशोधक सोपाऱ्यास आले. ते मूळचे जुनागडचे. त्यांना भाटेळे तळ्यापाशी अक्षरे कोरलेला एक दगड मिळाला. अक्षरे ब्राह्मी होती आणि भाषा प्राकृत. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा निघाला. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी मगधाच्या राजाने आपल्या गावच्या लोकांसाठी मजकूर कोरून ठेवला होता. आणि त्या आठव्या लेखाचा विषय कोणता? भगिनींनो, त्याचा विषय सहल हा आहे!

त्या लेखाचा आशय असा की, पूर्वीचे राजे मौजेसाठी सहलीला निघत. शिकार करीत आणि करमणूक करीत. अशोकाच्या राज्याभिषेकाला दहा वर्षे झाली, तेव्हा तो बुद्धांना ज्ञान झाले त्या ठिकाणी गेला. तेव्हापासून त्याने आपल्या सहलीची तऱ्हाच बदलली. प्रवासात तो ब्राह्मणांना व श्रमणांना भेटे आणि दान करी. वृद्ध माणसांना भेटे व त्यांना सोने देई. खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून धर्माच्या चार गोष्टी बोले. पूर्वीच्या मौजेपेक्षा यात आपल्याला जास्त आनंद मिळतो, असे राजाने स्वतः सांगितले आहे. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी घराबाहेर पडतो तो माणसे पाहायला, आणि त्यांत म्हाताऱ्यांना विसरत नाही. हे वाचल्यापासून आमच्या सहलीतही थोडा फरक पडला आहे. पूर्वी आम्ही सासूबाईंना घर राखायला ठेवून निघत असू. आता त्यांना गाडीत पुढच्या जागेवर बसवतो.

पुढे 1956 साली जवळच्या भुईगावात अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा सापडला. या नवव्या लेखावरून आमच्या मंडळात आधी हशा पिकला आणि मग वाद झाला. राजा म्हणतो की आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मताना, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात. त्यातही बायका पुष्कळ, क्षुल्लक आणि निरर्थक विधी करतात! एक वयस्क सभासद म्हणाल्या, "मुलगा परीक्षेला निघताना त्याच्या हातावर दही घालते, ते निरर्थक कसे? राजाची आई काही करीत नव्हती का?" पण पुढचे वाचल्यावर त्याही गप्प झाल्या. राजाने विधी करूच नका असे म्हटलेले नाही. तो म्हणतो की खरा मंगलाचार वेगळाच आहे. दासांशी व नोकरांशी नीट वागावे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा, प्राणिमात्रांना दुखवू नये आणि दान करावे.

आपल्या मंडळातल्या कितीतरी जणी पहाटेच्या गाडीने बोरिवली-अंधेरीस घरकामाला जातात. कामावर त्यांना कोणी बाई "अहो" म्हणते, कोणी म्हणत नाही. नोकराला मानाने वागवणे हा धर्म आहे असे सांगणारा दगड आपल्या मातीत निघाला, हे त्या भगिनींना ठाऊक असायला हवे. घरी भांडी घासायला बाई ठेवणाऱ्या आपल्यापैकी इतरांनाही ते ठाऊक असायला हवे.

दगडावर लिहिलेले सोपाऱ्याच्या माणसांनी पाळले की नाही, याचाही थोडा पुरावा आहे. जुन्नरच्या वाटेवर नाणेघाट आहे. तिथे वाटसरूंसाठी खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपैकी एक टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान केले, असा लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याने केलेल्या दानांची नोंद आहे. त्याने प्रवाशांसाठी धर्मशाळा, बागा, तळी व विहिरी करविल्या, त्या गावांच्या नावांत आपले सोपारे आहे. जो बाहेरून येईल त्याला सावली आणि पाणी द्यायचे, ही या गावाची जुनी रीत होती असे म्हणायला हरकत नाही.

त्याच 1882 साली भगवानलालांनी एक टेकाड खणले. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. तो कोट नव्हता, विटांचा स्तूप होता. मधोमध एक दगडी करंडा निघाला. त्यात तांब्याचा करंडा आणि भोवती बुद्धांच्या आठ लहान बसलेल्या मूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. एकात एक बसणारे डबे आपण मांडणीवर ठेवतो, तसाच प्रकार. सोन्याच्या डबीत मात्र हिरे-माणके नव्हती. मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत असे भगवानलालांनी मानले. सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणेही त्यात होते. या वस्तू मुंबईच्या टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाचा शिलालेख छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहे. पाच डब्यांच्या आत सोने न ठेवता मातीचे तुकडे जपणारी माणसे कशी असतील, याचा विचार स्तूपाच्या विटांपाशी बसून जरूर करावा. तिथे मन शांत होते आणि तिकीट लागत नाही.

स्तूपानंतर आमची सहल चक्रेश्वर तळ्यावर जाते. काठावर महादेवाचे देऊळ आहे आणि ब्रह्मदेवाची जुनी, माणसाएवढी मूर्ती आहे. ब्रह्मदेवाची मूर्ती आपल्याकडे सहसा दिसत नाही, म्हणून मुलांना ती मुद्दाम दाखवावी व तिची तोंडे मोजायला सांगावी. तिथून पुढे निर्मळ. निर्मळला शंकराचार्यांचे मंदिर व तळे आहे आणि कार्तिक वद्य एकादशीला मोठी जत्रा भरते. त्याच गावात होली क्रॉस चर्चही आहे. जत्रेत हिंदू येतात, ख्रिस्ती येतात. वसईची वाळवलेली सुकेळी येतात, सुकी मासळी येते. बायकांना वर्षाची खरेदी करता येते. पोरांना पाळणे मिळतात. पुढे कळंबचा समुद्र आणि सुरूची झाडे आहेत. मात्र भरतीच्या वेळी मुलांना पाण्यात सोडू नये. पूर्वेला तुंगारेश्वरचे जंगल आहे. 2003 पासून ते अभयारण्य आहे. तिथे पावसाळ्यात ओढ्याचे पाणी एकाएकी वाढते, म्हणून लहान मुलांना घेऊन थंडीच्या दिवसांत जावे. वसईचा किल्ला तर आपल्याला माहीतच आहे. 1534 मध्ये तो मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. त्याविषयी शाळेच्या पुस्तकात आहे, म्हणून इथे अधिक लिहीत नाही.

खाडी गाळाने भरत गेली, व्यापार दुसरीकडे वळला आणि सोपारे भाताचे, केळीचे व पानवेलींचे गाव होऊन राहिले. मग आगगाडी आली. 1936 पर्यंत विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या, चाळींतल्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या आणि लालबाग-परळची कितीतरी कुटुंबे इकडे आली. आमचे कुटुंब त्यांतलेच. नंतर कोकणातून, देशावरून, गुजरातेतून, उत्तरेकडून माणसे आली. जुने गावकरी आम्हाला "बाहेरचे" म्हणतात. त्यांचे शेत गेले, विहिरींचे पाणी आटले, तेव्हा त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण बंदराच्या गावात माणसे बाहेरून यायचीच. पूर्वी गलबतातून येत, आता गाडीतून येतात. आलेल्या माणसाने गावाचे काय केले, एवढाच प्रश्न उरतो. गोविंददासाने टाके खोदून दिले. आपण स्तूपाच्या कडेला वेफर्सच्या पिशव्या टाकून आलो, तर आपल्या नावाने काय उरेल?

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी मांडते. एक, आपल्या प्रत्येकीच्या मुलाने सातवी होण्याआधी स्तूप आणि मुंबईच्या संग्रहालयातला शिलालेख पाहिलेला असावा. मग "तू कुठे राहतोस?" या प्रश्नाला तो मान खाली घालून उत्तर देणार नाही. दोन, सहलीला जाताना रिकामी पिशवी न्यावी आणि कचरा भरून परत आणावा. तीन, जुन्या गावातल्या एका तरी आजीला दर सहलीत बोलवावे. तळ्याचे पाणी, वाडीतली केळी, जत्रेला जायची पायवाट यांच्या आठवणी कुठल्या पुस्तकात लिहिलेल्या नाहीत. त्या तिच्याकडे आहेत, आणि त्या तिच्याबरोबर जाऊ देऊ नयेत.

येत्या कार्तिकात निर्मळच्या जत्रेला आपली पुढची सहल आहे. डबा, पाणी आणि पिशवी बरोबर घ्यावी. घरातल्या वृद्ध माणसांना अवश्य आणावे. त्यांच्या रिक्षाची सोय मंडळ करील.