शुश्रूषागृहाचा इतिहास : दया, नफा आणि हक्क

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे मलमूत्र कोणी काढायचे, हा प्रश्न आपल्या विचारवंतांनी कधी महत्त्वाचा मानला नाही. त्याचे कारण उघड आहे. आपल्या समाजव्यवस्थेने त्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. घरात हे काम सुनेचे अथवा लेकीचे. दवाखान्यात ते आयाचे, मावशीचे. ही मावशी बहुधा कोणत्या वस्तीतून येते, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर जन्माने ठरते तो प्रश्न म्हणून उभाच राहत नाही.

अमेरिकेत तो उभा राहिला. तेथे म्हाताऱ्यांची शुश्रूषा घराबाहेर पडली, पगारावर आली, सरकारी पैशावर पोसली गेली, आणि तिचा हिशेब कायदेमंडळासमोर मांडावा लागला. म्हणून मी तेथील शुश्रूषागृहांच्या इतिहासाकडे वळलो. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे खासगी डॉक्टरांचे लहान रुग्णालय. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ, ज्यांना स्वतःच्या हाताने उठता, जेवता, धुता येत नाही अशा माणसांचे, बहुतांशी वृद्धांचे, कायमचे राहण्याचे घर. येथे मी शुश्रूषागृह हा शब्द याच अर्थाने वापरतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शुश्रूषागृहातील सुरक्षितता दयेने आली नाही आणि नुसत्या पैशानेही आली नाही. खाटेवरचा माणूस हक्कदार ठरला तेव्हा ती थोडीफार आली. आणि त्याला धुणारा हात हक्कदार ठरला नाही, म्हणून ती अपुरी राहिली.

या इतिहासाची सुरुवात दरिद्रगृहापासून होते. इंग्लंडमधील १६०१ च्या गरिबांविषयीच्या कायद्याची परंपरा अमेरिकेतील वसाहतींनी उचलली. ज्याला कोणी नाही त्याला गावाने पोसायचे, पण असे पोसायचे की त्याला लाज वाटावी. एकाच इमारतीत अनाथ पोरे, वेडे, आजारी आणि म्हातारे कोंडलेले असत. एकोणिसाव्या शतकात पोरांसाठी अनाथालये निघाली, वेड्यांसाठी इस्पितळे निघाली. मागे उरले म्हातारे. १८८० साली दरिद्रगृहात वृद्धांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते; १९२३ साली ते दोन तृतीयांशांवर गेले. दरिद्रगृह हेच वृद्धाश्रम झाले.

बऱ्या स्थितीतल्या गोऱ्या म्हाताऱ्यांसाठी चर्चची आणि धर्मादाय संस्थांची घरे होती. तेथे प्रवेशशुल्क लागे, सद्वर्तनाची शिफारस लागे, आणि कातडीचा रंगही पाहिला जाई. तेव्हा काळ्या माणसांनी आपली घरे आपण उभारली. फिलाडेल्फियात १८६४ साली असे घर निघाले, त्यासाठी लाकडाचे कृष्णवर्णीय व्यापारी स्टीफन स्मिथ यांनी मोठे साहाय्य केले. दुसरे उदाहरण हॅरिएट टबमन यांचे. गुलामीतून स्वतः पळालेल्या आणि पुन्हा पुन्हा परत जाऊन इतरांना सोडवून आणणाऱ्या या बाईने १८९६ साली न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथे लिलावात २५ एकर जमीन घेतली. निराधार काळ्या म्हाताऱ्यांसाठी तेथे घर बांधायचे होते. पैसा पुरेना, तेव्हा १९०३ साली त्यांनी ती जमीन आपल्या चर्चला दिली. १९०८ साली घर उघडले. चर्चने शंभर डॉलर प्रवेशशुल्क ठरविले. टबमनबाईंना हे मुळीच मान्य नव्हते. ज्याच्यापाशी काही नाही त्याच्यासाठीच घर असावे, असा त्यांचा आग्रह होता. १९१३ साली त्या याच घरात वारल्या. आपल्याच माणसांनी चालविलेल्या संस्थेतही दारावर शुल्काची पाटी लागू शकते, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

१९३५ साली सामाजिक सुरक्षा कायदा आला. गरीब वृद्धांना सरकारी मदत देणारा हा कायदा दरिद्रगृहाच्या तिटकाऱ्यातून घडला होता. म्हणून त्यात अट घातली गेली की सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्याला ही मदत मिळणार नाही. हेतू चांगला होता. म्हाताऱ्याच्या हाती पैसे आले की तो आपल्या घरी राहील, दरिद्रगृहे ओस पडतील. परंतु जो पंगू आहे, एकटा आहे, त्याला घर होतेच कुठे? तो सरकारी दरिद्रगृहातून निघाला आणि कोणा खासगी माणसाच्या घरात भाडेकरू म्हणून पडला. मदतीचा पैसा घरमालकाच्या हाती गेला. अशा जुन्या लाकडी घरांतून अमेरिकेचा शुश्रूषागृहाचा धंदा जन्मला. पाटी बदलली, मालक बदलला. खाटेवरचा माणूस तोच राहिला.

याच कायद्याची दुसरी बाजूही पाहावी. त्याने वृद्धापकाळाचे विमासंरक्षण दिले, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले. काळ्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक माणसे याच दोन कामांत होती. १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी ही चूक बहुतांशी भरून काढली. पण तोवर एक पिढी म्हातारी झाली होती. जिने आयुष्यभर गोऱ्यांची पोरे आणि म्हातारे सांभाळले, तिच्या स्वतःच्या म्हातारपणाची कायद्याला दखल नव्हती.

या घरांत सुरक्षितता किती होती? १७ फेब्रुवारी १९५७ रोजी मिसुरी राज्यातील वॉरेंटन येथे एका वृद्धगृहाला आग लागली आणि ७२ माणसे मेली. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ओहायो राज्यातील फिचव्हिल येथे अशाच आगीत ६३ वृद्ध मेले. आदल्या दिवशी अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला होता. देश त्या शोकात होता आणि ही ६३ प्रेते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात गेली. दोन्ही ठिकाणी आग लागताच छतातून आपोआप पाणी सोडणारी फवाऱ्यांची यंत्रणा नव्हती. ती बसविली तर जीव वाचतात हे तेव्हाच माहीत होते. २००३ साली हार्टफर्ड आणि नॅशव्हिल येथे पुन्हा म्हातारे जळाले. त्यानंतर कुठे देशातील प्रत्येक शुश्रूषागृहात फवारे सक्तीचे करणारा नियम २००८ साली निघाला, आणि त्याची मुदत संपली २०१३ साली. फिचव्हिलपासून मोजले तर पन्नास वर्षे. ज्ञान होते, साधन होते. कमी पडली ती त्या माणसांची किंमत.

१९६५ साली मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन सरकारी योजना आल्या. मेडिकेअर वृद्धांच्या आजारपणाची, मेडिकेड गरिबांच्या उपचाराची. शुश्रूषागृहांकडे सरकारी पैशाचा पाट वाहू लागला. मोठमोठ्या कंपन्या उतरल्या, त्यांचे समभाग बाजारात विकले जाऊ लागले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार, वर्णभेद पाळणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळणार नव्हता. हे हत्यार रुग्णालयांवर १९६६ साली नेटाने चालविले गेले आणि काळ्यांचे वेगळे वॉर्ड अल्पकाळात मोडले. शुश्रूषागृहांच्या बाबतीत मात्र सरकारने तसा नेट लावला नाही. तेथला भेद पाटीशिवाय चालू राहिला.

नफा कुठून येतो हे नीट समजून घेतले पाहिजे. शुश्रूषागृहाचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे माणसांचे पगार. तेव्हा नफा वाढवायचा तर हात कमी करायचे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर पाठीला, कमरेला जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत जातात. घास भरवायला अर्धा तास लागतो. वेळ नसला की ताट तसेच परत जाते. म्हातारी उठून चालू लागली तर पडेल, तिच्यामागे राहायला माणूस नाही. मग तिला पट्ट्याने खुर्चीला बांधायचे. हे तिच्याच सुरक्षिततेसाठी, असे सांगितले जाई. वस्तुतः बांधलेला माणूस धडपडतो, पट्ट्यात गुदमरतो, त्याचे स्नायू जातात, मन खचते. पट्टा हा माणसाच्या हाताचा स्वस्त पर्याय होता. पुढे गुंगीच्या औषधाने तेच काम केले.

सत्तरच्या दशकात याविरुद्ध आवाज उठला. सिनेटर फ्रँक मॉस यांच्या उपसमितीने १९७४ साली अहवाल दिला आणि त्याच्या नावातच सरकारी धोरण फसल्याचे सांगून टाकले. शुश्रूषेचे ऐंशी ते नव्वद टक्के काम प्रशिक्षण नसलेल्या, किमान वेतनावरच्या मदतनिसांकडून होते आणि वर्षाकाठी त्यांतील पाऊण माणसे नोकरी सोडून जातात, हे या उपसमितीने उघड केले. तत्पूर्वी १९७१ साली राल्फ नेडर यांच्या गटातील तरुण मुलींनी या घरांची पाहणी करून पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकात म्हातारपणाला 'शेवटचा विलगवास' म्हटले होते. काळ्यांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवण्यासाठी जो शब्द वापरला जाई, तोच हा शब्द.

मॅगी कून या बाईंना १९७० साली वयाची पासष्टी झाली म्हणून चर्चच्या नोकरीतून सक्तीने निवृत्त केले गेले. त्यांनी म्हाताऱ्यांची आणि तरुणांची एकत्र संघटना काढली. १९७२ साली तिला 'ग्रे पँथर्स' हे नाव मिळाले. मूळ नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरांचे, १९६६ सालचे. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरने तेच नाव घेतले. एका नावाखाली काळे तरुण, दलित तरुण आणि पिकल्या केसांची माणसे उभी राहिली, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. प्रस्थापित समाज ज्यांना टाकाऊ समजतो, त्यांनी दयेची याचना न करता उठायचे, हा तिन्हींमधला समान धागा होता.

यातून शुश्रूषागृह सुधारणेची चळवळ वाढली. तिने १९८५ साली एक साधी पण विलक्षण गोष्ट केली. चांगली शुश्रूषा म्हणजे काय, हे पंधरा शहरांतील चारशेहून अधिक रहिवाशांनाच विचारले. तोवर हे डॉक्टर, मालक आणि अधिकारी ठरवीत. रहिवाशांनी इमारतीला किंवा यंत्रांना अग्रस्थान दिले नाही. पुरेसे कर्मचारी, त्यांचे चांगले वागणे, आणि त्यांना मिळणारी चांगली वागणूक यांना त्यांनी वरचे स्थान दिले. ज्याला रोज दुसऱ्याच्या हाताने धुतले जाते, त्याला त्या हाताची अवस्था सर्वांत आधी कळते.

१९८७ साली शुश्रूषागृह सुधारणा कायदा झाला. रहिवाशाला हक्क आहेत, हे त्याने प्रथमच स्पष्टपणे सांगितले. सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून त्याला बांधता येणार नाही. मदतनिसाला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण. तपासणी न कळविता. ऐंशीच्या दशकाअखेर सुमारे चाळीस टक्के रहिवासी बांधलेले असत; पुढच्या वीस वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. पट्टे सुटले म्हणून प्रलय झाला नाही. जे अपरिहार्य म्हणून शतकभर चालले ते एका हक्काने बहुतांशी मोडले.

परंतु कायद्याने हातांची संख्या बांधून दिली नाही. २००४ साली व्हिन्सेंट मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की सर्वांत हलक्या दर्जाच्या शुश्रूषागृहांत काळ्या रहिवाशांपैकी सुमारे चाळीस टक्के राहतात, गोऱ्यांपैकी नऊ. २०२० साली कोरोना आला तेव्हा या दोन थरांचा अर्थ स्मशानात वाचायला मिळाला. २०२२ च्या आरंभापर्यंत अमेरिकेतील अशा दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थांत रहिवासी आणि कर्मचारी मिळून दोन लाखांहून अधिक माणसे मेली. जेथे गौरेतर रहिवासी अधिक, तेथे मृत्यू अधिक. मदतनिसांत नव्वद टक्क्यांहून अधिक बाया, आणि तिसऱ्या हिश्श्याहून अधिक काळ्या. खाटेवर तीच वस्ती, खाटेशेजारीही तीच.

यानंतर २०२४ साली केंद्र सरकारने नियम केला की प्रत्येक रहिवाशाच्या वाट्याला दिवसाला सरासरी ३.४८ तासांची शुश्रूषा आलीच पाहिजे. साडेतीन तासही पुरते नाहीत! तेवढेही मालकांना जड झाले. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने तो नियम रद्द केला, आणि जुलैमध्ये काँग्रेसने कायदा करून २०३४ पर्यंत त्याची वाट अडविली. हक्क कागदावर राहिला, हात कमीच राहिले.

आपल्याकडे २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात जिल्ह्याला निदान एक, १५० निराधार वृद्धांचे घर असावे असे म्हटले आहे. मात्र राज्याने ते काढावेच असे कलम म्हणत नाही; काढता येईल, असे म्हणते. 'पाहिजे' आणि 'येईल' या दोन शब्दांत हक्क आणि दया यांचे सगळे अंतर आहे.

आपल्या समाजातील म्हातारी माणसेही आता गावाकडे एकटी उरत आहेत. पोरे शहरात, सून कामावर. उद्या वृद्धगृहे वाढतील, सरकारी अनुदानावर आणि खासगी भांडवलावर. तेव्हा कार्यकर्त्यांनी तेथे जाऊन फुले आणि फळे वाटून परत येऊ नये. रात्रपाळीला किती माणसे आहेत? मावशीला पगार किती, रजा किती, हातमोजे मिळतात का? कोणाला बांधून ठेवले आहे का? तपासणीला येणारा कळवून येतो की न कळविता? रहिवाशांचे मत कोणी विचारले आहे का? हे प्रश्न विचारावेत. म्हाताऱ्याची मागणी आणि मावशीची मागणी अमेरिकेत बहुतेक वेळा वेगवेगळ्या कागदांवर लिहिली गेली, आणि मालकाचे फावले. आपल्याकडे ती एकाच कागदावर लिहिली गेली पाहिजे.