पानं गळाली म्हणजे मेली नव्हे: शिंदळ माकुडीची गोष्ट

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक शिंदळ माकुडी मारली. थंडी सरता सरता तिची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी घाबरून रोज पाणी घातलं आणि पंधरा दिवसांत खोड बुंध्यापासून कुजलं. गाईडच्या बागेतली फांदी होती ती! नंतर या वनस्पतीचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की हिच्या पानांनी माझ्याआधीही बऱ्याच जणांना कामाला लावलंय.

१८६१ मध्ये अलेक्झांडर गिब्सनबरोबर 'बॉम्बे फ्लोरा' लिहिणारे वनाधिकारी डाल्झेल यांनी त्यानंतर काही वर्षांतच हिचं वर्णन छापलं. नाव दिलं फ्रेरिया इंडिका. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते बार्टल फ्रेअर. (पदावरच्या साहेबांचं नाव देण्याची परंपरा जुनीच आहे.) हिचं फूल माकडशिंगाच्या कुळीतलं: मांसल, पाच टोकांचा लालसर तपकिरी तारा, त्यावर पिवळे ठिपके. पण माकडशिंगाच्या खोडावर पानं नावालाच असतात, हिला मात्र चांगली भरदार पानं येतात. मग ही स्वतंत्र प्रजाती मानायची की नाही? १९५८ मध्ये रॉली यांनी तिला कॅराल्युमात टाकलं, पुढे ती बोसेरोशियात गेली. गव्हर्नरसाहेब प्रजातीच्या नावातून सुटले आणि जातीच्या नावाला चिकटले: बोसेरोशिया फ्रेरी.

पण ही पानं असतात पावसाळ्यापुरती. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा ठिकाणी बेसॉल्टच्या कड्यांच्या फटीत ती वाढते. तिथे चार महिने पाऊस, मग नुसतं ऊन. पाणी खोडात साठवायचं आणि पानं टाकून द्यायची, हा तिचा हिशोब. म्हणून हर्बेरियम शीट हातात घेतलीत की आधी लेबलावरचा महिना बघा. एप्रिलची शीट आणि सप्टेंबरची शीट दोन वेगळ्या वनस्पतींच्या वाटतील.

कुंडीतही हेच गणित चालतं. फांदी तोडून दोन-चार दिवस सावलीत ठेवायची, जखम सुकू द्यायची, मग मुरमाड मातीत लावायची. पानं असताना माती वाळली की पाणी, पानं गळाली की जवळजवळ बंद. झालं.

इतकी सोपी आहे म्हणून तर परदेशातल्या हौशी लोकांच्या कुंड्यांतही ती आहे आणि इकडे कड्यांवर दुर्मिळ. मला खुपतं ते इथे. फांदीपासून केलेली शंभर रोपं म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच झाड. ती कड्यावर परत लावून फोटो काढता येतील, पण विविधता परत येणार नाही. त्यासाठी वेगवेगळ्या गडांवरचं बी हवं, आणि हे काम फांदी खोचण्याइतकं झटपट होत नाही.

आता माझ्याकडे दुसरी फांदी आहे. मार्चमध्ये तिचं शेवटचं पान गळालं. मी तारीख वहीत लिहिली आणि पाण्याचा मग बाल्कनीतून उचलून आत ठेवला.