माळावरची हाक

बालाघाटाच्या उघड्या माळावर वसलेल्या, धाकटी पंढरी म्हणून बीड जिल्ह्यात ख्याती पावलेल्या आणि नगद नारायण महाराजांच्या परंपरेने टाळमृदंगाच्या घोषाची सवय झालेल्या नारायणगडाचे नाव घेऊन कुत्र्याविषयी लिहावयास बसणे काही वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु वारकरी कीर्तनात नामदेवांची जी कथा कधी शिळी होत नाही, तिचा नायक कुत्राच आहे. कोरडी भाकरी तोंडात धरून तो पळाला आणि नामदेव तुपाची वाटी हातात घेऊन, भाकरी कोरडी खाऊ नकोस असे विनवीत, त्याच्या मागे धावले. भक्तीच्या दृष्टीने या कथेचा अर्थ सर्वश्रुत आहे. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर मात्र, पळालेल्या कुत्र्यामागे धावू नये, कारण धावणाऱ्या माणसाला तो खेळातला गडी समजतो आणि अधिकच पळतो, हा माळावरच्या माणसांचा नियम नामदेवांनी मोडला होता; अर्थात त्यांच्या हातात काठी नसून तूप होते, हा भेद सामान्य नव्हे.

पळणारे कुत्रे परत कसे आणावे हा प्रश्न सर्व कुत्र्यांच्या बाबतीत सारखा नसतो. धनगराचे कुत्रे कळपातच वाढते, मेंढ्यांच्या उबेत निजते आणि वाडा एका गावच्या शिवारातून दुसऱ्या गावच्या शिवारात हलला की आपले घरच हलले असे समजून चालू लागते. शेतकऱ्याने खतासाठी मेंढ्या बसवून घेतल्या आणि मोबदल्यात धान्य दिले, तेथे त्या रात्रीपुरती त्या कुत्र्याची हद्द आखली गेली. लांडग्याची चाहूल लागली तर ते भुंकत पुढे जाईल, पण कळपाला पाठमोरे होऊन फार दूर जाणार नाही. त्याला बोलावण्याची विद्या फारशी लागतच नाही, कारण त्याचे काम थांबण्याचे आहे.

कारवानी कुत्र्याचे तसे नाही. उंच पायांचा, खोल छातीचा, पोट पाठीला टेकल्यासारखा दिसणारा हा प्राणी महाराष्ट्र-कर्नाटकाच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या सशाच्या आणि हरणाच्या मागे सोडला गेला. त्याचाच लांब केसांचा भाऊबंद पश्मी म्हणून ओळखला जातो, आणि इराण-अरबस्तानातल्या सालुकीशी असलेल्या साम्यावरून त्याचे पूर्वज घोड्यांच्या सौदागरांबरोबर दक्षिणेत आले असे मानतात. तो वासावर चालत नाही, नजरेवर चालतो. दूर क्षितिजाजवळ काही हलले की तो सुटतो, आणि सुटल्यावर धन्याचा आवाज त्याच्या कानांत शिरतो की नाही याविषयी शंका घ्यावी अशी त्याची तल्लीनता असते. या स्वभावास अवज्ञा म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या गुणासाठी माणसाने त्याची पैदास केली, तोच गुण दावणीपाशी दोष ठरतो, एवढेच.

कुत्र्यांचे पथक बाळगणारा व्यवसाय या देशात किती जुना आहे याची साक्ष व्याकरणातही सापडते. श्वगण घेऊन फिरणाऱ्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्राची तजवीज केली आहे. कौटिल्याने तर शिकारी आणि श्वगणी यांना अरण्यात गस्तीसाठी फिरविले असून, चोर किंवा शत्रू दिसताच त्यांनी झाडावर वा डोंगरावर चढून शंख-दुंदुभीने वर्दी द्यावी असे म्हटले आहे, म्हणजे शिकाऱ्याच्या कुत्र्यांचा उपयोग सरकारी बंदोबस्तासही होत असे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने मानसोल्लास रचला तेव्हा राजाच्या वीस विनोदांमध्ये मल्ल, मेष, पारावत यांच्या जोडीला सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचा विनोदही गणला. ती कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण, आणि मराठवाड्याचा मुलूख त्या राज्याच्या अंमलाखालचा, म्हणून हा ग्रंथ आपल्याला परका नाही. अबुल फजलने अकबराच्या कुत्र्यांच्या आवडीची नोंद केली. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत शिकारखान्यास जागा मिळाली. दरबारात कुत्र्याची किंमत होती, पण त्याला सांभाळणारा माणूस कोणत्याही दप्तरात नावानिशी क्वचितच येतो, आणि हाक मारण्याची विद्या त्याच्याजवळच होती.

ती विद्या साधी आहे. मराठी माणसाजवळ कुत्र्यासाठी मुख्यतः तीन उद्गार आहेत: अंगावर घालावयाचे ‘छू’, घालवून द्यावयाचे ‘हाड’ आणि बोलवावयाचे ‘यू यू’. यांपैकी ‘हाड’ दिवसातून शंभर वेळा उच्चारले जाते आणि म्हणूनच गावातले कुत्रे त्याची फारशी पत्रास बाळगत नाही. जाणता मनुष्य ‘यू यू’ची उधळपट्टी करीत नाही. पिलू आईपासून तोडले की भाकरीचा तुकडा हातात आल्यावाचून ती हाक तोंडातून काढावयाची नाही. हाक दिली आणि पिलू आले की तुकडा दिलाच पाहिजे. आणि ते उशिरा आले, चिखलाने माखून आले, शेजाऱ्याची कोंबडी मारून आले, तरी त्या हाकेवर आलेल्या कुत्र्यावर हात उगारावयाचा नाही. शिक्षण कुत्र्याचे होते असे वरवर दिसते, परंतु करारात बांधला जातो तो हाक मारणारा. बहुतेक घरांत नेमके उलट घडते: तासभर शोधून सापडलेल्या कुत्र्याला गोड आवाजाने बोलावून घ्यावयाचे, आणि जवळ येताच पाठीत दोन रट्टे घालून साखळी अडकवावयाची. पुढल्या वेळी तो हाकेसरशी पळाला तर त्याने योग्य अनुमान काढले, असेच म्हटले पाहिजे.

या बाबतीत आपल्या पुराणपरंपरेतली देवांची कुत्री सरमा विचार करण्यासारखी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ती इंद्राची दूती म्हणून गाई लपवून ठेवणाऱ्या पणींकडे जाते, आणि पणी तिला बहीण मानून गोधनाचा वाटा देऊ करतात तरी ती त्यांच्याकडे राहण्यास राजी होत नाही. बृहद्देवतेतली कथा मात्र निराळी: तेथे ती पणींच्या गाईंचे दूध पिऊन परतते, गाई पाहिल्याच नाहीत असे सांगते, आणि इंद्र तिला लाथ मारतो, मग दूध ओकीत ती भीतीने मागच्या वाटेने त्याला घेऊन जाते. इंद्राचे काम झाले हे खरे. पण परत आलेल्या कुत्रीला लाथ मारल्यावर ती पुन्हा हाकेला ओ देईल काय, याची चौकशी ग्रंथकाराने केलेली नाही.

निजामी अमदानीत या भागात धान्य आणि मीठ बैलांवर लादून नेणारे लमाणांचे तांडे फिरत, आणि त्यांच्या बरोबरच्या दणकट कुत्र्यांचा उल्लेख एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज शिकाऱ्यांनी ब्रिंजारी या नावाने केला आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला आणि तांड्यांच्या वाहतुकीवर गदा आली. तिकडे कृष्णेच्या पलीकडे मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कारवानी जात निवडून वाढविली, तिची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली, आणि राजाश्रयाने तिला मुधोळ हे नाव चिकटले. आजही एक श्वानसंस्था तिची नोंद कारवान म्हणून करते आणि दुसरी मुधोळ म्हणून. 2005 साली टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. माळावरच्या माणसाच्या विद्येला असे काही प्रमाणपत्र मिळाले नाही.

पाश्चात्त्यांनी हाच विषय प्रयोगशाळेत नेला. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने 1876 च्या सुमारास माणसाच्या श्रवणापलीकडचा सूक्ष्म नाद काढणारी शिटी बनविली, ती काठीत बसविली आणि रस्त्यातली कुत्री कान टवकारतात का ते पाहत हिंडला. कुत्री वळून पाहत, पण वळून पाहणे निराळे आणि येणे निराळे. मानसशास्त्रज्ञ स्किनरने 1951 च्या एका लेखात, आधी एखाद्या खेळण्याचा टिकटिकाट अन्नाशी जोडून मग त्या आवाजाने जनावरास शिकवावे, अशी रीत मांडली. भाकरीचा तुकडा हातात असल्यावाचून हाक न देणाऱ्या माणसाला ती वाचून विशेष आश्चर्य वाटले नसते.

एका गोष्टीत मात्र जुन्या माणसाचे काम आजच्यापेक्षा सोपे होते. ससा दिसला, कुत्रा सुटला, की तो हाक मारीतच नसे. धाव संपू देई, ससा मिळाला किंवा हरवला आणि कुत्रा धापा टाकीत उभा राहिला की मग ‘यू यू’ करी, म्हणजे ऐकणाऱ्याला ऐकण्याची फुरसत असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत आता जनावराच्या पाठलागाचाही समावेश आहे. शिरूर कासार आणि पाटोद्याकडल्या माळांवर अद्याप काळवीट आहेत. तेथे कारवानी बाळगणाऱ्याला आता धाव संपण्याची वाट पाहता येत नाही, आपले कुत्रे भर धावेतच परतविणे त्याला भाग आहे, आणि ही मागणी त्या जातीकडे तिच्या साऱ्या इतिहासात कोणी केलेली नव्हती. म्हणून जाणते लोक हाक पक्की होईपर्यंत त्याच्या पट्ट्याला बैलाच्या कासऱ्याएवढी लांब दोरी ठेवतात, उपाशीपोटी तुकड्यावर सराव घेतात, आणि ती पक्की झाल्यावरसुद्धा काळविटांचा कळप चरत असेल त्या बाजूला दोरी सोडीत नाहीत.