आगोट ते खंडेनवमी : रत्नागिरीतील हत्यारांची राखण

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लोखंड टिकवणे हे ते घडवण्याइतकेच जिकिरीचे काम आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि समुद्राचा खारा वारा वर्षभर असतो. लोखंडाला पाणी आणि प्राणवायू एकत्र मिळाले की गंज चढतो. मीठ ही क्रिया वेगाने घडवते, शिवाय हवेतला ओलावा ओढून धातूवर ओल धरून ठेवते. रोज हाती असलेल्या हत्याराचे पाते घासून स्वच्छ राहते. गंज धरतो तो पडून राहिलेल्या हत्यारावर. पावसाळ्यात नांगर, कुदळ आणि फावडे शेतात असतात. पण कवळ तोडण्याची कोयती, लाकूडफोडीची कुऱ्हाड आणि जांभ्याच्या चिरेखाणीतले टिकाव व पहारी चार महिने घरात राहतात. त्यांची राखण हा कोकणातल्या घरकामाचाच भाग झाला.

जुने लोखंड आजच्यापेक्षा वेगळे होते. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या परिसरात, धावड लोक जांभ्यातले लोहयुक्त दगड लाकडी कोळशावर गाळीत. अशा लोखंडात गंधक कमी असे. एकोणिसाव्या शतकात जंगलतोडीवर निर्बंध आले, स्वस्त विलायती लोखंड बंदरांत उतरू लागले आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. पुढे गावचे लोहार मोटारींच्या कमानपट्ट्यांचे पोलाद वापरू लागले. त्याची धार चांगली टिकते, पण साधे पोलाद गंजापासून मुक्त नसते.

हत्यारांची तयारी आगोटीत, म्हणजे पाऊस लागण्यापूर्वीच्या बेगमीच्या दिवसांत होई. आधी राख आणि नारळाच्या सोडणाने पाते घासून चिकटलेली माती, झाडाचा चीक आणि खार काढायचा, मग गोड्या पाण्याने धुऊन वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळवायचे. मुठीकडे विशेष लक्ष द्यावे लागे. लाकूड ओल शोषते आणि मुठीत शिरलेले लोखंडी टोक आतल्या आत झिजत जाते. पाते चकचकीत असूनही कोयता मुठीतून निखळतो तो याच कारणाने. म्हणून तेल पात्याला लावतात तसे मुठीच्या सांध्यातही जिरवावे लागते.

तेल जे हाताशी असेल ते. घरचे खोबरेल सर्वांत सोयीचे, पण ते सुकून कडक थर धरत नाही. खवट झाले की त्यात आम्ले वाढतात, म्हणून ते पुसून पुन्हा लावावे लागते. किनाऱ्यावरच्या उंडीच्या बियांचे तेल दिव्याला आणि होड्यांना वापरत. करंजाचे तेलही मिळे. कोणतेही तेल असो, त्याचे काम एकच : धातू आणि ओली हवा यांच्यामध्ये पडदा धरणे.

तेल लावलेली हत्यारे चुलीवरच्या माळ्यावर किंवा वाशांत खोचून ठेवली जात. या जागेचे महत्त्व मोठे होते. हवा दहा अंशांनी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळजवळ निम्म्यावर येते. बाहेर ९० टक्के ओलावा असला तरी चुलीवर तो ५० टक्क्यांच्या आसपास राहू शकतो. ६० टक्क्यांच्या वर गंज झपाट्याने वाढतो. धुरातले डांबरी अंश पात्यावर बसून पातळ लेपही तयार होई. बियाणे, खोबरे आणि सुके मासे कोरडे ठेवणारी हीच ऊब लोखंडालाही लाभे.

पाऊस ओसरला की आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, हत्यारे खाली येत. घासूनपुसून त्यांची पूजा होई. भातकापणी तोंडावर असे, त्यामुळे हा सण हत्यारांची वार्षिक तपासणीही ठरे. बोथट किंवा गंजलेली पाती लोहाराकडे शेवटायला जात. तो ती तापवून, ठोकून पुन्हा धार काढी. बलुत्याच्या व्यवस्थेत त्याचा मोबदला धान्यात मिळे.

विसाव्या शतकात ही घडी बदलली. गॅस आला, कौलांची जागा स्लॅबने घेतली आणि धुराचा माळा गेला. कोयते गोठ्यात किंवा पडवीच्या कोपऱ्यात आले, जिथे भिंतीची ओल थेट लागते. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने भातकापणीसाठी दातेरी ‘वैभव’ विळा आणला. त्याचे बारीक दाते गंजाने झिजले तर साध्या विळ्यासारखे दगडावर घासून धार काढता येत नाही, त्यामुळे अशा अवजाराला राखणीची गरज अधिक.

खोबरेलाऐवजी आता ग्रीस किंवा यंत्राचे तेल लावतात. काही जण इंजिनातले जळके ऑईल वापरतात. ते पात्याला चालते, पण भाजी, फळे किंवा चारा कापायच्या विळ्याला लावू नये. तेथे खोबरेलच योग्य. हत्यार गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणे, मुठीसकट तेल देणे, जमीन आणि भिंत यांपासून दूर टांगणे आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उतरवून पाहणे, एवढे केले तर माळ्याविनाही कोयता कोकणचा पावसाळा निभावून नेतो.